कडीचे डबे

कुंभार पिंपळगाव
३ डिसेंबर २०२४

प्रिय नेहल,

जय भीम. पत्र बघून दचकू नकोस, इथं सगळे बरे आहेत. फोनवर तू नुसतं ‘हं, हं’ करतेस, म्हणजे तुझ्या शेजारी कुणीतरी बसलेलं असतं हे मला कळतं. आणि मला जे सांगायचंय ते ‘हं, हं’वर भागणारं नाही. डी.एड.ला एका खोलीत राहायचो तेव्हा मी चिडले की तू म्हणायचीस, ‘लिहून काढ.’ तर घे, लिहून काढते.

इथून जवळच्या वाडीवर माझी शाळा आहे, तुला माहीत आहे. औंदा मी तिथं मुलींचं गाइडचं पथक सुरू केलं. जानेवारीत त्यांचं शिबिर ठेवलंय, गावाबाहेर तलावाच्या पाळीवर. लाकडं गोळा करायची, विस्तव पेटवायचा, उघड्यावर स्वयंपाक करायचा आणि सगळ्यांनी एका पंगतीत जेवायचं. एवढंच शिबिर. पण पोरी महिनाभर त्याच्याशिवाय दुसरं बोलत नाहीत.

भांडी गावची आहेत. सगळ्या गावानं वर्गणी काढून घेतलेली मोठाली पातेली, झारे, पराती. आमच्या बौद्ध वस्तीनंही वर्गणी दिली होती. किल्ली साहेबराव काकांकडे असते. त्यांचं गावात किराणा दुकान आहे, शाळेच्या समितीवरही तेच. मी मुलींना घेऊन भांडी मागायला गेले.

‘न्या की मॅडम, शाळेचंच काम हाय,’ ते म्हणाले. ‘फकत सैपाक कोण करणार तेवढं सांगा.’

‘मुली करतील.’

‘कोणत्या मुली?’

मी नावं सांगत गेले. आमच्या वस्तीतल्या भावनाचं नाव आलं तसा त्यांनी हात वर केला. ‘त्या पोरींनी लाकडं आणावी, पाणी आणावं. पातेल्याला हात न्हाई लावायचा. उद्या ह्याच भांड्यात लग्नाचं जेवण व्हतंय. लोकं आमाला इचारतेत.’

भावना माझ्या शेजारीच उभी होती, नेहल. आठवीतली पोर. तिनं खाली पाहिलं नाही, त्यांच्याकडेच पाहत राहिली. माझ्या हातचं त्यांना चाललं असतं का, हे मी विचारलं नाही. उत्तर मला ठाऊक आहे.

‘राहू द्या काका,’ मी म्हटलं. ‘आमची भांडी आम्ही करू.’

रागात बोलून गेले. वाटेत भावनानं विचारलं, ‘मॅडम, भांडी घरी करता येतेत?’ आमचे हेडमास्तर सर्जेराव सर म्हणतात, कशाला ताणता, आचारी लावू, कुणाच्याच पोरीनं हात लावायला नको. मी नाही म्हटलं. पोरींना स्वयंपाकापासून लांब ठेवायचं शिबिर मला घ्यायचं नाही.

गाइडच्या पुस्तकात एक चित्र आहे. पत्र्याच्या डब्याला तारेची कडी लावलेली, तीन काठ्यांच्या तिकाटण्याला टांगलेला, खाली जाळ. तुमचं तेलाचं ठोक दुकान. रिकामे डबे मिळतील का?

तुझी,
प्रीती


जुना जालना
९ डिसेंबर २०२४

प्रिय प्रीती,

जय भीम घे, जय श्रीकृष्ण ठेव.

तुझं पत्र पोस्टमननं दुकानात दिलं. बाबूजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, ते तसंच बंद माझ्या हातात ठेवलं. आमच्या घरात फोन सगळ्यांचा असतो पण पाकीट ज्याचं त्याचं. एवढी एक रीत बरी आहे.

वाचून माझं डोकं भणभणलं. ‘पातेल्याला हात न्हाई लावायचा!’ मी असते तर काय बोलले असते कुणास ठाऊक. बहुतेक काहीच नसते बोलले. घरी येऊन नवऱ्याशी, रजतशी भांडले असते.

डबे पाठवते. तिकडच्या बाजाराला आमचा टेम्पो येतोच, त्यात टाकायला सांगितलंय. पण डब्यात स्वयंपाक म्हणजे जरा… बघ, आमच्या माळ्यावर लग्नातली पितळी भांडी पडून आहेत. सासूबाई वर्षातून एकदा घासून घेतात आणि परत गुंडाळून ठेवतात. त्यातली दोन मोठी भगुणी मी हळूच काढून देऊ शकते. कुणाला पत्ता लागणार नाही. विचार कर.

आणि हो, आमच्या गल्लीच्या तोंडाशी मच्छिंद्र पत्रेवाला बसतो, शेगड्या आणि नरसाळी करतो. त्याला विचारलं. म्हणाला, डब्यावरचा रंग आधी बिलकुल जाळून टाका, मगच त्यात शिजवा, नाहीतर पोटं बिघडतील. आत कापसाच्या पऱ्हाट्या पेटवून द्यायच्या, रंग फुगून उडाला की राखेनं घासायचं. आणि जस्ताची बादली वगैरे घेऊ नका म्हणाला, त्यात आंबट शिजवलं तर वाईट.

कनिका माझ्या मांडीवर बसून ह्या कागदावर रेघा मारून राह्यली आहे. कोपऱ्यातलं चित्र तिचं. हत्ती आहे म्हणे.

तुझी,
नेहल


कुंभार पिंपळगाव
१७ डिसेंबर २०२४

प्रिय नेहल,

डबे पोचले. टेम्पोवाल्यानं बाजारात हाक मारून माझं नाव घेतलं, तेव्हा मला लग्नाचं रुखवत आल्यासारखं वाटलं.

आधी पितळी भांड्यांचं. नको. रागावू नकोस. तुझं मन मला कळतं. पण ती भांडी आली तर गाव म्हणेल, जालन्याच्या शेठाणीनं बिचाऱ्या पोरींना दान दिलं. आणि तू ‘हळूच’ देणार. हळूच आलेलं भांडं आम्ही गावासमोर चुलीवर कसं ठेवायचं? मला असं भांडं हवंय की पोरींनी छातीला लावून मिरवावं.

आता आमची फजिती ऐक. शनिवारी शाळा सुटल्यावर बसलो. डबा मधोमध कापला. कात्री घरच्या कापडाची, ती गेली कामातून. कापलेली धार ब्लेडसारखी असते. गावातल्या वंदनाचं बोट चिरलं, तर हळद लावून परत येऊन बसली. मग पक्कडीनं कड बाहेरून दुमडत नेली, खाली लाकूड धरून ठोकली. रंग जाळला तेव्हा धूर इतका काळा निघाला की सर्जेराव सर धावत आले. खिळ्यानं समोरासमोर दोन भोकं पाडली, कुंपणाची जाड तार वाकवून कडी घातली. दिसायला झकास! तीन बांबू बांधून तिकाटणं केलं, डबा टांगला, खिचडीचं पाणी ठेवलं.

डाळ-तांदूळ पडून रटरटायला लागलं आणि एका बाजूचं भोक टरकन फाटलं. सगळी खिचडी विस्तवात. एवढी वाफ आणि राख उडाली की आम्ही मागं पळालो.

आणि नेमके तेव्हा साहेबराव काका शाळेच्या कंपाउंडाशी मोटारसायकल लावून उभे. हसले. ‘मॅडम, जेवण झालं का?’

भावनानं काठीनं तो डबा राखेतून ओढून काढला आणि म्हणाली, ‘भोक फाटलंय फकत. बूड चांगलं हाय.’

मुली रडल्या असत्या तर मी घरी गेले असते, खरं सांगते. पण त्या भोकाभोवती डोकी घालून बसल्या होत्या. काही जणींच्या घरून निरोप आलाय, शिबिराला पोरगी येणार नाही. वंदनाची आई मात्र काही कळवत नाही, हो नाही की ना नाही.

मला भांडी नकोत. ते भोक फाटू नये म्हणून काय करायचं, तेवढं विचार. आणि अजून डबे लागतील.

प्रीती


जुना जालना
२४ डिसेंबर २०२४

प्रिय प्रीती,

दान म्हणालीस ते लागलं मला. दोन दिवस उत्तर लिहिलं नाही. मग वाटलं, बराबर आहे तुझं.

भोकाचं विचारायला मच्छिंद्रकडे गेले तर म्हणाला, ‘वैनी, सांगून कळत नसतं, करा.’ बसले त्याच्या पोत्यावर. भर गल्लीत, डोक्यावर पदर आणि हातात हातोडी! ऐक आता. एकेरी पत्र्यात भोक पाडलं की भार एकाच जागी येतो, म्हणून फाटतं. उरलेल्या पत्र्याची बोटभर रुंद पट्टी कापायची, तिची दुहेरी घडी करायची आणि कडेवर आतून-बाहेरून बसवायची. मग तिच्यातून भोक. पट्टी जागची हलू नये म्हणून भोकाच्या दोन्ही बाजूंना आखूड खिळे ठोकून त्यांची टोकं मागून चपटी करायची. कडीला मधोमध खाच पाड, म्हणजे डबा आकड्यावर घसरणार नाही. आणि आकडा लांब-आखूड करता येईल असा साखळीत अडकव. पातळ बुडाचा डबा आहे, जाळ वाढला की वर घ्यायचा. तीन दगडांवर ठेवला असता तर हे जमलं नसतं.

मी केलेला डबा पाण्यानं भरून गच्चीवरच्या खांबाला टांगून ठेवला. दिवसभर लटकला. संध्याकाळी उतरवला तेव्हा मला उगीचच खूप भारी वाटलं. लग्नानंतर मी हातानं केलेली आणि घरात कुणी न मागितलेली ही पहिली वस्तू असेल.

पुढचे डबे जरा उशिरा येतील. काळजी करू नकोस. इथं सगळं ठीक.

नेहल


कुंभार पिंपळगाव
७ जानेवारी २०२५

नेहल,

डबे आले नाहीत. टेम्पो दोन बाजार येऊन गेला. ड्रायव्हर नजर चुकवतो. मी पाठवलेल्या पत्राचंही उत्तर नाही.

काल समितीच्या बैठकीत साहेबराव काका सगळ्यांसमोर बोलले, ‘जालन्याहून डबे यायचे न्हाईत आता. शेठला सांगून आलोय मी. त्यांच्याकडूनच माल उचलतो, मला काय परके हायत का ते?’

मला हे माहीतच नव्हतं की ते तुमचे गिऱ्हाईक आहेत. तुला माहीत होतं. ‘इथं सगळं ठीक,’ असं तू लिहिलंस तेव्हाही माहीत असणार. निदान मला सांगायचंस. मी दुसरीकडून बघितले असते.

तुझ्यावर जबरदस्ती नाही. तुला त्या घरात राहायचंय. पण एक लक्षात ठेव, हळूच मदत करणारे मला आयुष्यात पुष्कळ भेटले. सगळे चांगले होते. वेळ आली की त्यांच्या घरी सगळं ठीक असतं.

शिबिर अठरा तारखेला आहे. होणार. पट्टीवाला डबा भरलेला टिकला, भावनानं त्याला लोंबकळून पाहिलं. एकच धड डबा आहे, बाकीचे शिकण्यात गेले. त्यात पाळीपाळीनं शिजवू. उपाशी राहू, पण शिबिर होणार.

प्रीती


जुना जालना
११ जानेवारी २०२५

प्रीती,

तुझं पत्र मी दुकानात उभ्यानं वाचलं. आज सगळं लिहिते, काही लपवत नाही.

साहेबराव नाताळच्या आधी माल घ्यायला आले होते. बाबूजींना म्हणाले, ‘तुमची सून आमच्या गावात भांडणं लावून राह्यली.’ त्या दिवशी जेवताना बाबूजी एवढंच बोलले, ‘बहू, डबे बंद.’ ते ओरडत नाहीत. त्यांना ओरडावं लागत नाही. मी गप्प बसले. वाटलं, चार दिवसांनी त्यांचा विचार बदलेल, तोवर तुला कशाला घोर लावायचा. तुझं मधलं पत्र आलं, त्याला काय लिहू ते सुचेना.

परवा तुझं हे पत्र आलं. दुकानात बाबूजी गादीवर, रजत काट्याजवळ, दोन गिऱ्हाईकं बसलेली. मी कधी दुकानाच्या पुढच्या बाजूला येत नाही. त्या दिवशी गेले.

‘बाबूजी, रिकामे डबे आपण कुणाला देतो?’

‘जो माँगे उसको.’

‘मंग मी मागते.’

त्यांनी चष्मा काढला. ‘आत जा. साहेबराव आपलं जुनं गिऱ्हाईक आहे. तेलाच्या डब्यात भांडण भरायचं नसतं.’

‘भांडण मी नाही भरलं. त्या मुलींच्या वस्तीतही आपलंच तेल जातं, बाबूजी. साहेबरावांच्याच दुकानातून जातं. तेल देताना त्यांनी कधी विचारलं नाही, कढईला हात कुणाचा लागणार.’

आतून सासूबाईंचा आवाज आला, ‘बहू, लोग सुन रहे हैं.’ मी म्हटलं, ‘सुनने दो, माँजी.’ माझा आवाज मलाच ओळखू आला नाही.

मग मी गोदामात गेले. डबे काढले, सुतळीत ओवले आणि रस्त्यावर उभी राहून ऑटोला हात केला. तुला जुन्या जालन्याच्या गल्ल्या माहीत आहेत. ऑटो खड्ड्यात गेला की डबे असे वाजायचे की कापडाच्या दुकानातली माणसं गादीवरून उठून बघायची. त्यातली निम्मी आमच्या नात्यातली! पानबाई काकीसा त्यांच्या ओट्यावरून ओरडल्या, ‘अगं बहू, एकटी कुठं?’ मी म्हटलं, ‘बसस्टँडला!’ पदर मागं पडला होता. नाही घेतला पुन्हा.

कंडक्टर म्हणाला, ‘ताई, रिकामे डबे कशाला पाठवता एवढ्या लांब?’

म्हटलं, ‘भरायला.’

हे पत्र तुझ्या हातात पडेल तोवर डबे पोचलेले असतील. त्यात मी केलेलाही एक आहे, त्याची खाच जरा वाकडी आहे.

घरी बाबूजी माझ्याशी बोलत नाहीत. रजत म्हणाला, ‘मला सांगायचं होतंस, मी नेऊन दिले असते.’ मी म्हटलं, ‘सांगितलं होतं. तू मोबाईल बघून राह्यला होतास.’ शिबिराला मला यायचं होतं. पण आत्ता घर सोडून आले तर पळाल्यासारखं होईल. मी इथंच थांबते. ह्यांना रोज माझं तोंड बघू दे.

माफी मागत नाही. शिबिर झालं की सविस्तर कळव.

नेहल


कुंभार पिंपळगाव
२२ जानेवारी २०२५

माझ्या नेहल,

डबे आले त्या संध्याकाळी मी तुला फोन करणार होते. मग म्हटलं, नको, बाई पुन्हा ‘हं, हं’ करेल. मी तुझ्याबद्दल वाईट बोलले. ते पत्र फाडून टाक किंवा ठेव, तुझी मर्जी.

आठवडाभर शाळा सुटल्यावर नुसती ठोकाठोक चालली होती. सर्जेराव सर पहिले दोन दिवस खिडकीतून बघत होते. तिसऱ्या दिवशी घरून करवतीची पाती घेऊन आले आणि म्हणाले, ‘कात्रीनं नका कापू, हात जातील पोरींचे.’ बसून कापत राहिले.

अठराला सकाळी मी पाळीवर पोचले तेव्हा वस्तीतल्या सगळ्या पोरी आधीच हजर. बाकीच्यांपैकी कोण येणार माहीत नव्हतं. थोड्या वेळानं वंदनाची आई तिला हाताला धरून आली. मला म्हणाली, ‘मॅडम, हिला बराबर शिकवा. आमच्या घरात गड्याला च्या बी करता येत न्हाई, निदान पोरीला डबा टांगता यावा.’ तिच्यामागून आणखी आल्या. सगळ्या नाही आल्या, नेहल. काही जणी घराच्या गच्चीवरून बघत होत्या, त्यांच्या रिबिनी लांबून दिसत होत्या. त्यांचं मला अजून वाईट वाटतं.

तिकाटणी उभी केली, मधे आडवा बांबू टाकला आणि डबे ओळीनं टांगले. तुझा सगळ्यात कडेला. वारा सुटला की डबे हळूहळू झुलायचे, पोरी काठीनं थांबवायच्या. एकात वरण, दोन डब्यांत भात, एकात वांग्याची भाजी. भावना आणि वंदना एकाच डब्याशी होत्या. एक जाळ सारायची, दुसरी साखळी वर-खाली करायची. ‘चढव, चढव, करपतंय!’ ‘तू जाळ कमी कर ना आधी!’ सकाळपासून त्यांचं भांडण चाललं होतं. ऐकून इतकं बरं वाटलं मला.

भात होत आला आणि ट्रॅक्टरचा आवाज आला. ट्रॉलीत गावची भांडी. घासूनपुसून, उन्हात डोळे दिपतील अशी. पुढं साहेबराव काका. काय झालं होतं ते मला नंतर कळलं. पिठाच्या गिरणीवर बायका बोलायला लागल्या होत्या, ‘गावची भांडी कुलपात आन् गावच्या पोरी डब्यात शिजवून राह्यल्या.’ ते काकांच्या कानावर गेलं.

‘घ्या मॅडम,’ ते म्हणाले. ‘उतरून घ्या. कोण सैपाक करतंय ते आम्ही बघत न्हाई.’

बघत नाही म्हणे! मी तोंड उघडणार, तेवढ्यात भावना उठली. हातात जळतं लाकूड होतं, ते तिनं नीट खाली ठेवलं. ट्रॉलीजवळ गेली. एका मोठ्या पातेल्याला हात लावला. सगळ्यांसमोर, कडेवरून पूर्ण हात फिरवला. काका बघत राहिले.

‘काका,’ ती म्हणाली, ‘ह्याला कडी न्हाई. टांगायचं कसं?’

पोरी हसल्या नाहीत. तिच्यामागे येऊन उभ्या राहिल्या, वंदना सगळ्यात पुढं.

‘मॅडम, गावाचा मान ठेवा जरा,’ काका माझ्याकडे वळले.

‘गाव जेवायलाच बसतंय काका,’ मी म्हटलं. ‘भांडी परत न्या. आमचं शिजलंय. तुम्ही बसा मात्र.’

‘माझा शनिवार हाय. उपास.’ ते ट्रॅक्टरकडे वळले. ‘प्रेम, चल. जल्दी.’

प्रेम म्हणजे त्यांचा ट्रॅक्टर चालवणारा, त्यांच्याच भावकीतला, दोन लेकरांचा बाप. तो जाग्यावर नव्हता. तळ्यावर हातपाय धुऊन तो पंगतीत सर्जेराव सरांच्या शेजारी जाऊन बसला होता आणि भावनानं त्याला भात वाढला होता.

‘प्रेम!’

‘काका, वाढलंय आता,’ तो म्हणाला. ‘वाढल्या ताटावरून उठू न्हाई म्हंतेत.’

काकांना ट्रॅक्टर चालवता येत नाही. चालत गेले असते, तर अख्ख्या गावानं पाहिलं असतं की भांडी मागं आणि काका पुढं. ते ट्रॉलीला टेकून उभे राहिले. आम्ही जेवलो. सावकाश जेवलो. वरणाला धुराचा वास होता आणि भाजीत मीठ जास्त झालं होतं, पण कुणी बोललं नाही.

समितीतून आता माझ्या बदलीची भाषा चालू आहे. होऊ दे. जिथं जाईन तिथं पत्र्याचे डबे मिळतातच. पण इतक्यात काही मी जात नाही.

तर पंगतीतल्या प्रेमचं सांगायचं राहिलं. भावना वरणाचा डबा घेऊन त्याच्यापुढं थांबली. काका तिथून बघत होते, प्रेमलाही ते दिसत होतं.

‘अजून?’ भावनानं विचारलं.

त्यानं भाताचं आळं केलं आणि ताट पुढं सरकवलं.

तुझी,
प्रीती